पांढऱ्या भिंतीपुढची पांढरी साडी

पहिल्या अ‍ॅपने आईचं डोकं ठेवलं, दोन हात ठेवले, पुढ्यातला ग्रंथ ठेवला आणि बाकीची आई खाऊन टाकली.

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला, परत सुलटा केला. तसंच. डोकं हवेत, हात हवेत, मध्ये काही नाही. खाली हसऱ्या तोंडाचं चित्र आणि इंग्रजीत लिहिलेलं, तुमचं काम झालं. झालं म्हणे. अरे मेल्या, माझी आई कुठाय?

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुमचंही डोकं माझ्यासारखंच फिरेल.

भांडुपला आमच्या वस्तीत विहार आहे. वर्षावासाचे तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं आणि आश्विन पौर्णिमेला त्याचा समारोप होतो. वाचायला दरवर्षी अंबादासकाका. ते विहाराचे सचिव, रिटायर्ड मास्तर, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या वाण्यालाही पाठ व्हावं. यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज घोगरा होऊन बसला. आता वाचणार कोण, म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत होते, तेव्हा माझी आई मागच्या रांगेतून उठली आणि म्हणाली, मी वाचते.

आईचं नाव राधाबाई. जालन्याकडची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बाबा गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, ती विहारातल्याच बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली. आधी बसच्या पाट्या वाचायची, मग वाण्याच्या पुड्यांचे कागद. आणि यंदा अख्खा ग्रंथ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, मोठ्याने. जोडाक्षरांपाशी धडपडायची, मागे जाऊन परत वाचायची, पण एक दिवस चुकवला नाही तिने. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की मी शेवटच्या रांगेत बसून उगाच बाजूच्यांना गप्प करायचे.

कमिटीने ठरवलं, समारोपाला गेटवर मोठा फ्लेक्स लावायचा आणि मधोमध आईचा फोटो. आई आधी नको नको म्हणाली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "पांढऱ्या साडीतला लाव. दुसरा कुठला नको."

त्याला कारण आहे. मुलुंडला एका घरी आई वीस वर्षं स्वयंपाक करायची. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून गेली की तिथल्या वहिनी म्हणायच्या, राधाबाई, हे असलं पांढरंफटक नेसून स्वयंपाकघरात नका येऊ, बरं दिसत नाही. त्यांना पांढऱ्या साडीचा एकच अर्थ ठाऊक. आमच्यात नवरी पांढरी नेसते, विहारात बायका पांढरी नेसतात, हे त्यांना कोण सांगणार? आई पिशवीत दुसरी साडी न्यायची आणि त्यांच्या मोरीत उभी राहून बदलायची. मला हे आठवलं की आजही संताप येतो. आई कधी बोलली नाही. पण आता भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ती पांढऱ्या साडीत बसणार होती, आणि ते काम माझ्याकडे होतं.

फोटो माझ्याच फोनमध्ये होता, वाचनाच्या शेवटच्या दिवशी काढलेला. आई आसनावर बसलेली, पुढे लाकडी स्टँडवर ग्रंथ, चष्मा नाकावर घसरलेला, एक बोट ओळीखाली. सुंदर फोटो. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. साडी पांढरी, आणि मागे विहाराची नुकताच रंग दिलेली पांढरी भिंत. कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि पंख्याचा रेग्युलेटर.

फ्लेक्स छापणाऱ्या केतनचं दुकान मुलुंडला. मी फोटो पाठवला तसा त्याचा फोन आला, की ताई, बॅकग्राउंड काढून पाठवा, खुर्च्याबिर्च्या बऱ्या नाही दिसणार, मागे आपण आकाश टाकू, कमळं टाकू. मी म्हटलं, मग काढ ना तूच, धंदा तुझा आहे. तर त्याचा डिझायनर गावाला गेलेला आणि दिवाळीच्या फ्लेक्सची ही गर्दी. एखादं सोपं सॉफ्टवेअर बघा, बटण दाबा, झालं, असं म्हणाला. शनिवारी दुपारपर्यंत हवं म्हणाला आणि फोन ठेवला.

सोपं. हा शब्द मी त्या दोन दिवसांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की आता कोणी सोपं म्हटलं की मी आधी पाणी पिऊन घेते.

तुम्ही म्हणाल, मग रंगीत भिंतीपुढे बसवून दुसरा फोटो काढायचा. तेवढी अक्कल मलाही आहे हो. पण आईच्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टर पावसाळ्याआधीपासून मागे लागले होते आणि आईचं एकच पालुपद, ग्रंथ संपू दे, मग डोळ्याचं काय करायचं ते करा. समारोपाला आठवडा असताना ग्रंथ संपला आणि लगोलग घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तारीख मिळाली. मी सॉफ्टवेअर शोधत होते तेव्हा आई घरी डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर बसलेली. पट्टी निघाल्यावरही फोनकडे बघायचं नाही अशी ताकीद होती. म्हणजे तिला काही दाखवायचीही सोय नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "तू बघ ना. तुझे डोळे चांगले आहेत."

मी मुलुंडला एका लॅबच्या काउंटरवर बसते. रक्ताचे नमुने घ्यायचे, चिकटपट्टीवर नावं घालायची, रिपोर्ट द्यायचे. एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर माझ्या हातून कधी गेली नाही. म्हणजे मी काही गोंधळलेली बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शुक्रवारी डबा खाताना मी विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, बॅकग्राउंड काढायला सोपं सॉफ्टवेअर कुठलं? विचारलं आणि माझी वाट लागली. एकजण म्हणाला, वेबसाइटवर जा, अ‍ॅपवाले फोनमधलं सगळं चोरतात. दुसरा म्हणाला, वेबसाइटच चोरतात, अ‍ॅप घ्या. तिसऱ्याने लाल चिन्हाचं सांगितलं, चौथीने जांभळ्या चिन्हाचं, आणि एका भल्या माणसाने गुलाबाच्या फुलासकट शुभ दुपार पाठवली. शोधायला गेले तर एकसारख्या नावाची ढीगभर अ‍ॅप. सगळ्यांवर कात्री. सगळ्यांना साडेचार तारे. प्रत्येकजण म्हणतो सगळ्यात सोपा मीच. स्थळं घेऊन येणारे मध्यस्थसुद्धा एवढं रेटून सांगत नाहीत.

पहिल्याने काय केलं ते सांगितलंच. दुसऱ्याने त्याच्याही वर कडी केली. त्याने खुर्च्या ठेवल्या. नीट, स्वच्छ, एकेक पाय कापून काढलेल्या खुर्च्या, आणि आई गायब. म्हणजे त्याच्या मते तो खुर्च्यांचा फोटो होता.

तिसरं वेबसाइटवालं. त्याने आई ठेवली, साडी निम्मी ठेवली, पण मागे राखाडी-पांढऱ्या चौकटी आणल्या. आईच्या मागे बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखं. मी घाबरून सगळं पुसून टाकलं. केतनला फोन केला तर तो म्हणाला, ताई, चौकटी दिसल्या म्हणजे बरोबर, चौकटी म्हणजे मागे काही नाही. बरं बाबा. चौथ्यात चौकटी दिसल्या तशी मी खूश होऊन पाठवून दिल्या. तर म्हणतो, ताई, ह्या चौकटी खऱ्या आहेत, छापून येतील. म्हणजे काही चौकटी दिसतात पण नसतात, आणि काही दिसतात आणि असतातसुद्धा. मी त्याला विचारलं, ओळखायचं कसं? तो म्हणाला, सोपं आहे.

मग पीएनजी पाहिजे, जेपीजी नको, यावर अर्धा तास गेला. पीएनजी पाठवली तर त्याच्याकडे मागे काळं दिसायला लागलं. का? तर म्हणे मी फोटो म्हणून पाठवली, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. अहो, फोटो फोटो म्हणून नाही पाठवायचा तर काय रेशनकार्ड म्हणून पाठवायचा? तेवढ्यात काउंटरवर एक आजोबा थायरॉइडचा रिपोर्ट मागत उभे. मी त्यांना म्हटलं, पीएनजी हवाय का? ते बिचारे म्हणाले, जो असेल तो द्या.

माझ्या शेजारच्या काउंटरवर चेतना बसते. बोरिवलीहून येते, चटपटीत मुलगी, फोनमधलं सगळं कळतं. तिने एका अ‍ॅपमध्ये ब्रश काढून दिला. जिथे साडी गेलीय तिथे बोट घास, साडी परत येते, म्हणाली. मी घासलं. साडी आली, पण तिच्याबरोबर भिंतही आली, आणि खांद्यावर रेग्युलेटर येऊन बसला. रेग्युलेटर घालवायला गेले तर खांदा गेला. माझं बोट जाड, की आईचा खांदा बारीक, की अ‍ॅप मूर्ख, काही कळेना. घरी जाईपर्यंत माझ्या फोनमध्ये कितीतरी आया जमल्या होत्या, आणि त्यातली एकही धड नव्हती. एकीला कोपर नाही. एकीला खुर्चीचा पाय. एक तर नुसता चष्मा आणि बोट.

घरी आईने विचारलं, झाला का गं फोटो? होतोय म्हटलं. पदर नीट दिसतोय ना, म्हणाली. मी दिसतोय म्हटलं. तेव्हा माझ्याकडे कुठल्याच फोटोत पदर नव्हता. मला खूप वाईट वाटलं. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसराही अधू, त्यामुळे तिला माझं तोंड नीट दिसत नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

शनिवारी सकाळी चेतनाने एक नवीन अ‍ॅप शोधून आणलं. म्हणाली, हे नुसतं कापत नाही, कापताना जे गेलं ते स्वतः भरून काढतं. मी फोटो टाकला. पत्त्यांच्या खेळाची एक जाहिरात झाली, मग केसांच्या तेलाची झाली, आणि मग पडद्यावर आई आली. सगळी आई. खांदा, कोपर, मांडीवरच्या निऱ्या, आणि साडी पांढरीशुभ्र, खांद्यावरून उतरलेल्या पदरासकट. हाताची बोटं मोजली, बरोबर होती. खाली विचारलं होतं, फोटो आणखी स्वच्छ करू का? मला वाटलं कडा स्वच्छ करतोय. कर बाबा म्हटलं.

मग मी शिंप्याने शिवण तपासावी तशा सगळ्या कडा तपासल्या. फोटो मोठा केला, कानापासून सुरुवात करून केस, मान, खांदा, पदर, कोपर, सगळीकडून फिरून परत कानापाशी आले. कुठे भिंत नाही, कुठे खुर्ची नाही. चेतनाला दाखवला. ती म्हणाली, किती गोड दिसतायत गं काकू. मी पीएनजी, डॉक्युमेंट म्हणून, नसलेल्या चौकटींसकट पाठवली. केतनचा अंगठा आला. मला तिथेच काउंटरवर रडू आलं. रक्त द्यायला आलेल्या बाईला वाटलं सुई बघून.

घरी जाऊन आईला सांगितलं, झाला. साडी अगदी पांढरीशुभ्र आलीय. पट्टी निघून काळा गॉगल आला होता. ती हसली आणि म्हणाली, रविवारी समारोपाला तीच नेसते, इस्त्री करून ठेव.

रविवारी सकाळी मी आईची साडी पलंगावर काढून ठेवत होते, तेवढ्यात अंबादासकाकांचा मेसेज आला. लवकर ये, राधाबाईंना मागाहून आण. आईला शेजारच्या बाईवर सोपवून मी तशीच निघाले.

फ्लेक्स गेटवर चढवलेला होता. बांबूंच्या चौकटीत, माझ्या दुप्पट उंच. आकाश होतं, कमळं होती, मधोमध आई होती, पांढऱ्या साडीत. आणि तिच्या कपाळावर बशीएवढं लालभडक कुंकू.

फोनवर ते मोहरीएवढंही नव्हतं. इथे रस्त्याच्या त्या टोकावरून दिसत होतं. गळ्यात, पदराच्या आत, काळ्या मण्यांची सरसुद्धा घातली होती त्या मेल्या अ‍ॅपने. सुरकुत्या पुसल्या होत्या. आईने कुंकू बाबा असतानाच सोडलेलं, विहारात यायला लागली तेव्हा. आणि त्या जागी कपाळावर तिचं गोंदण आहे. हिरवं, लहानपणीचं. ते नव्हतं. त्या जागी काहीतरी असतंच हे माझ्या डोळ्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की काय आहे ते मी बघितलंच नाही.

गेटपाशी बायका जमल्या होत्या आणि माना वर करून बघत होत्या. अंबादासकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले, पोरी, हे कसं झालं? मी फोन काढला. केतनचं दुकान रविवारी बंद, फोन उचलेना. मग मला काय सुचावं, विहाराच्या रंगकामातला थिनर उरला होता, तो मागवला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढले आणि फडक्याने कुंकू पुसायला लागले. कुंकू पसरलं. अर्धं कपाळ गुलाबी झालं. आणखी घासलं तर कपाळच निघून खालचा पांढरा फ्लेक्स दिसायला लागला. मी रडत होते, शिव्या देत होते, केतनला, चेतनाला, त्या सगळ्या कात्र्यांना, आणि घासत होते.

"उतर खाली, पडशील," मागून आवाज आला.

आई रिक्षातून उतरली होती. इस्त्रीची पांढरी साडी, काळा गॉगल. मी खुर्चीवर तशीच उभी, हातात लाल फडकं. आईने मान वर केली. इतके महिने तिला सगळं धुक्यातून दिसायचं. आता डोळा नवा होता आणि तिला सगळं लख्ख दिसत होतं.

"हे काय लावलंय माझ्या कपाळाला?"

मी खाली उतरले आणि जे तोंडात येईल ते सांगत सुटले. भिंत पांढरी होती, साडी पांढरी होती, साडी खाल्ली, खुर्च्या राहिल्या, चौकटी खोट्या होत्या, मग ते अ‍ॅप आलं, त्याने भरून काढलं. बायका ऐकत होत्या. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर तिने स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि बोटाने चाचपून बघितलं.

"आणि माझं गोंदण?"

"त्याला तो डाग वाटला असणार, आई."

"त्याला वाटंल. त्यानं मला कधी पाहिलंय?" ती माझ्याकडे वळली. "तू तर दोन दिवस बघत होतीस ना गं?"

"मी कडा बघत होते," मी म्हटलं. मनात होतं तोवर ते कारण वाटत होतं. तिच्यासमोर बोलल्यावर ते काहीच वाटेना. मला इतकी लाज वाटली की मी हातातल्या फडक्याकडे बघत राहिले.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात, जणू दुसऱ्या कोणाचं सांगतेय अशी बोलायला लागली. "माझ्या आईनं बसवलं होतं मला गोंदायला, बदनापूरच्या बाजारात. मी रडत होते, तिनं डोकं धरून ठेवलं होतं. म्हणायची, बाईच्या संगं दुसरं काही जात नाही, गोंदण तेवढं जातं. मी मानत नाही तसलं काही. पण तिचा फोटो नाही माझ्याकडं. लुगडं नाही, भांडं नाही. तिच्या हातचं एवढंच राहिलंय."

अंबादासकाका म्हणाले, राधाबाई, परत छापून घेऊ, उद्या लावू. आई नको म्हणाली. "काढून टाका ते. मी आहे की इथं."

मी आणि काकांनी सुतळ्या सोडल्या. फ्लेक्स खाली आला, त्याची घडीही होईना, तसाच गुंडाळून पायऱ्यांखाली ढकलला. आईने मी चढले होते तीच खुर्ची ओढून घेतली आणि त्या रिकाम्या बांबूंच्या पुढे, गेटपाशी, उन्हात बसली. लोक यायला लागले. जय भीम राधाबाई, म्हणत होते, आई गॉगलमधून प्रत्येकाकडे बघून हात जोडत होती. कोणी वाकून पाया पडायला गेलं की तेवढी रागावत होती. साडीवर ऊन पडलं होतं आणि तिच्याकडे बघायला डोळे बारीक करावे लागत होते.

गर्दी जरा ओसरल्यावर मी तिच्याजवळ पायरीवर बसले. तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय बघतेस एवढं?" आईने विचारलं.

"काही नाही."

तिने डोक्यावरचा पदर जरा मागे सरकवला आणि कपाळ माझ्यापुढे आणलं. "बघ," म्हणाली.

गोंदणाचा हिरवा रंग आता निळसर झालाय. भुवयांच्या मधोमध एक लहानशी रेघ, आणि तिच्यावर ठिपके. मी मोजले. चार होते. मला जन्मभर ते तीनच वाटत आले होते.